पिंगळा ओरडला म्हणून कुणी मरत नाही. मच्छे शिवारातल्या छोट्या घुबडाबद्दल माहीत असायलाच हवं

मच्छे (ता. बेळगाव) : खानापूर रोडवर दिवस मावळतो, औद्योगिक वसाहतीतली शिफ्ट सुटते आणि पिरनवाडीकडे दुचाकींची रांग लागते. त्याच सुमारास रस्त्याकडेच्या विजेच्या तारेवर एक गोल डोक्याचा पक्षी येऊन बसतो. साळुंकीएवढा. अंगावर पांढरे ठिपके, डोळे पिवळेजर्द, भुवया पांढऱ्या. माणूस खाली थांबून बघायला लागला की तोही वरून टक लावून बघतो, मधेच मान खाली-वर करतो. आणि मग सुरू होतो तो कर्कश आवाज, 'चिर्र चिर्र, चिवक चिवक'. एकानं सुरुवात केली की जोडीदार लगेच साथ देतो.

हा पिंगळा. मच्छे, देसूर, झाडशहापूर, येळ्ळूरपासून निपाणी, चंदगड, गडहिंग्लजपर्यंत असं गाव सापडणार नाही जिथं तो नाही. तरीही आपल्या भागात सगळ्यात जास्त गैरसमज कुठल्या पाखराबद्दल असतील तर ते याच्याबद्दल. "पिंगळा वरडायलाय, कायतर होतंय बघ," हे वाक्य ऐकलं नाही असं घर नसेल. दिवाळी जवळ आली की हा गैरसमज नुसता बोलण्यापुरता राहत नाही, पक्ष्याच्या जिवावर उठतो. म्हणून हा पक्षी नेमका कोण, तो काय खातो, कायदा काय सांगतो आणि तो टिकावा म्हणून आपण काय करू शकतो, हे एकदा नीट समजून घेऊया.

घुबडच, पण छोटं

पिंगळा म्हणजे घुबडाचं पिल्लू, असं अनेकांना वाटतं. ते चूक आहे. पिंगळा ही घुबडांच्या कुळातली स्वतंत्र, लहान चणीची जात. पूर्ण वाढलेला पिंगळा जेमतेम २१ सेंटीमीटर लांब असतो. शास्त्रीय नाव अथेनी ब्रामा. कन्नडमध्ये मोठ्या घुबडाला गूबे म्हणतात, पण पिंगळ्याला वेगळं नाव आहे, हालक्की. म्हणजे मराठी असो की कन्नड, जुन्या माणसांनी हा पक्षी मोठ्या घुबडापेक्षा वेगळा आहे हे बरोबर ओळखलं होतं.

आपल्या भागात लोक तीन पाखरांत गल्लत करतात. पहिला पिंगळा. दुसरं गव्हाणी घुबड, पांढऱ्या, बदामासारख्या चेहऱ्याचं, जुन्या वाड्यात, देवळाच्या शिखरात, गिरणीच्या छपरात राहणारं. तिसरं मोठं घुबड, कानावर शिंगांसारखी पिसं असणारं, दगडखाणी आणि ओढ्याकाठच्या कड्याकपारीत घुमणारं. ती शिंगं म्हणजे कान नव्हेत, नुसती पिसं असतात. खरे कान डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांखाली लपलेले असतात.

घुबडाचे डोळे खोबणीत घट्ट बसलेले असतात, आपल्यासारखे ते इकडेतिकडे फिरत नाहीत. त्यामुळे बघायचं तर पूर्ण मानच वळवावी लागते. माणसाच्या मानेत ७ मणके असतात, घुबडाच्या मानेत १४. म्हणून ते मान एका बाजूला सुमारे २७० अंशांपर्यंत वळवू शकतं. 'डोकं गरगर फिरवतंय, म्हणजे काहीतरी भानगड आहे' असं म्हणणाऱ्यांना भानगड एवढीच, की मणके दुप्पट आहेत.

मरणाशी संबंध कुठून जोडला गेला?

पूर्वी गावात वीज नव्हती. रात्री सगळी घरं अंधारात असायची. मात्र ज्या घरात माणूस आजारी असायचा, तिथं रात्रभर दिवा किंवा कंदील जळत राहायचा. उजेडावर किडे यायचे आणि किडे खायला पिंगळा यायचा. जवळच्या झाडावर बसून ओरडायचा. पुढं आजारी माणूस गेला तर लोकांच्या लक्षात राहायचं, की त्या रात्री पिंगळा ओरडला होता. माणूस बरा झाला तर पिंगळ्याची आठवण कुणी काढायचं नाही. जमेची बाजू कोरी ठेवायची आणि खर्चाचीच बाजू लिहीत जायचं, मग हिशेब तोट्याचाच दिसणार.

आज मच्छेच्या प्रत्येक गल्लीत पथदिवा आहे. पिंगळा त्या खांबावर बसून किडे टिपतो, ओरडतो. ते ऐकून माणसं मरायची असती तर औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला कामगारच उरले नसते.

आपल्या परंपरेत पिंगळ्याला नुसतं अशुभच मानलं असंही नाही. पहाटे उजाडायच्या आधी कंदील आणि कुडमुडं घेऊन दारात येणारा पिंगळा जोशी अनेकांना आठवत असेल. पाखराची भाषा आपल्याला कळते असं सांगून तो घराचं भविष्य सांगायचा, शुभ बोलायचा, पसाभर धान्य घेऊन पुढं जायचा. कन्नड मुलुखातले बुडबुडकेवालेही 'हालक्की असं बोलली' असं सांगूनच दारात उभे राहतात. पाखरू एक, विश्वास एक, भाषा फक्त दोन. याच जिल्ह्यातल्या एकसंब्यात जन्मलेले कथाकार जी. ए. कुलकर्णी यांच्या १९७७ साली आलेल्या कथासंग्रहाचं नावच 'पिंगळावेळ' आहे.

आणखी एक समजूत जुन्या माणसांकडून ऐकायला मिळते. घुबडाला दगड मारला तर ते तो दगड उचलून नेतं, पाण्यात घासत बसतं आणि दगड जसा झिजेल तसा मारणारा माणूस झिजत जातो. गोष्ट खोटी. पण तिचा एक फायदा झाला, पोरं घुबडाला दगड मारायला घाबरायची. आता ती भीती गेली आहे. तिच्या जागी माहिती यायला हवी होती, ती मात्र अजून पुरती आलेली नाही.

शेतकऱ्याच्या वहीत पिंगळा कुठल्या बाजूला?

बेळगावच्या पश्चिम आणि दक्षिण शिवारात भात मुख्य. त्यापाठोपाठ मसूर, वाटाणा, हरभरा, शिवाय बटाटा आणि राताळी. निपाणी पट्ट्यात तंबाखू आणि ऊस. या सगळ्या पिकांना दोन शत्रू रात्रीच त्रास देतात, उंदीर आणि अळीचे पतंग. दिवसा बगळे, कोतवाल, साळुंक्या काम करतात. रात्रीची पाळी घुबडांची.

पिंगळ्याच्या खाण्यात मुख्य वाटा किड्यांचा, म्हणजे भुंगेरे, पतंग, नाकतोडे, रातकिडे. त्याबरोबर पाली, चिचुंद्र्या आणि लहान उंदीर. घरट्यात पिल्लं असली की उंदरांचं प्रमाण वाढतं, कारण पोटं वाढलेली असतात. बांध पोखरणाऱ्या मोठ्या उंदरांचा खरा शिकारी गव्हाणी घुबड. पिंगळा किड्यांचा बंदोबस्त करतो, गव्हाणी घुबड उंदरांचा. दोघांना पगार नाही, डिझेल लागत नाही.

हे खरं की खोटं, हे कुणालाही तपासता येतं. घुबड भक्ष्य गिळतं, पण केस, हाडं, किड्यांची कवचं पचत नाहीत. त्यांची लहान गोळी करून ते तोंडावाटे बाहेर टाकतं. ज्या झाडावर पिंगळा रोज बसतो, त्याच्या बुडाशी या करड्या गोळ्या सापडतात. काडीनं फोडून बघितली की आत भुंगेऱ्यांची कवचं, बारीक हाडं, कधी उंदराची कवटी दिसते. शाळेतल्या मुलांसाठी याहून स्वस्त प्रयोग नाही. हातमोजे घालायचे आणि नंतर साबणानं हात धुवायचे, एवढी काळजी पुरे.

पण याच कामात त्याचा जीवही जातो. उंदरांसाठी शेतात आणि गोदामात जे विष ठेवलं जातं, त्यात ब्रोमॅडिओलोनसारखं औषध रक्त गोठू देत नाही. उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्त होऊन फिरत राहतो. असा सुस्त उंदीर घुबडाला सहज सापडतो आणि विष घुबडाच्या पोटात जातं. म्हणजे उंदरासाठी ठेवलेल्या विषानं उंदीर मारणाराच मरतो. पुढच्या हंगामात उंदीर परत वाढतात, कारण ते भराभर वितात. घुबड वर्षातून सहसा एकदाच वितं. विष टाळता येत नसेल तर निदान मेलेले आणि सुस्त पडलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरावेत. सापळे वापरता आले तर त्याहून बरं.

घर कुठं बांधणार?

पिंगळा स्वतः घरटं विणत नाही. त्याला तयार ढोली लागते. जुन्या आंब्याची, चिंचेची, जांभळाची, वडाची, नाहीतर पडक्या भिंतीतलं भोक. नोव्हेंबर ते एप्रिल हा त्याचा विणीचा काळ. मादी साधारण तीन ते पाच अंडी घालते. याच ढोल्यांवर पोपट आणि साळुंक्याही डोळा ठेवून असतात. त्यामुळे मारामारी ठरलेली.

ढोली तयार व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं. दहा-पंधरा वर्षांच्या झाडात ती क्वचितच असते. नेमकी हीच जुनी झाडं सगळ्यात आधी तोडली जातात. रस्ता रुंद होतो, बांधावरची चिंच जाते. ले-आऊट पडतं, आमराई जाते. जुनं कौलारू घर पाडून स्लॅब पडतो, भिंतीतली भोकं बुजतात. मच्छे गावाच्या अंगावर औद्योगिक वसाहत आली, पलीकडं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ उभं राहिलं, घरं वाढली. हलगा-मच्छे बायपासला सुपीक जमिनीच्या प्रश्नावरून शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, न्यायालयातही लढा दिला. त्या लढ्यात जमिनीचा भाव, पीक, नुकसानभरपाई या सगळ्याची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी. पण बांधावरच्या जुन्या झाडाची नोंद अशा कुठल्याच पंचनाम्यात 'कुणाचं तरी घर' म्हणून होत नाही.

रोपं लावून ही भरपाई लगेच होत नाही. आज लावलेल्या रोपात ढोली व्हायला एक पिढी जाते. तोपर्यंत लाकडी पेटी टांगणं हा एक उपाय आहे. फूटभर लांब-रुंद, दीड फूट उंच पेटी, एका बाजूला मूठ जाईल एवढं भोक आणि तळाला थोडा भुसा. जमिनीपासून दहा-बारा फुटांवर, मांजराला चढता येणार नाही अशा जागी. पिंगळा येईलच याची हमी नाही, पण खर्च दोन-चार फळ्यांचा.

एका घुबडाचा ११३ वर्षांचा हिशेब

'एवढे पिंगळे आहेत, संपणार थोडेच?' असं वाटत असेल तर त्याच्या सख्ख्या भावाची गोष्ट ऐकावी. तीही महाराष्ट्रातलीच.

वनपिंगळा, काहीजण त्याला रानपिंगळाही म्हणतात. दिसायला पिंगळ्यासारखा, पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, अंग थोराड आणि शिकार बहुतेक दिवसा. १८७३ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. हेच ह्यूम पुढं काँग्रेसच्या स्थापनेत होते. १८८४ साली खानदेशात जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्यानं एक नमुना गोळा केला आणि त्यानंतर हा पक्षी कुणाला खात्रीनं दिसलाच नाही.

मधे एक घोटाळा झाला. रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या ब्रिटिश कर्नलनं १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ आपल्याला हा पक्षी मिळाल्याची नोंद केली होती. तिच्यावर विसंबून लोक चुकीच्या जागी शोध घेत राहिले. पुढं अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या पामेला रासमुसेन यांनी तपासणी केली तेव्हा उघड झालं, की तो नमुना डेव्हिडसनचाच होता. संग्रहालयातून चोरलेला, वरची चिठ्ठी बदललेला. एक खोटी नोंद वहीत शिरली आणि पुढचा सगळा ताळेबंद चुकत गेला.

खोटी नोंद बाजूला काढल्यावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरून शोध घेतला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या जंगलात वनपिंगळा जिवंत दिसला. म्हणजे ११३ वर्षांनी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. नंतर मेळघाटात आणि २०१४ साली मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही तो आढळला. तरीही त्याची गणना आजही जगातल्या संकटग्रस्त पक्ष्यांत होते.

बेटावरची घुबडं आणि आपण

याच रासमुसेन यांनी १९९८ साली आणखी एका छोट्या घुबडाला नाव दिलं. निकोबारचं स्कॉप्स घुबड. त्याचे नमुने मुंबईचे पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी ग्रेट निकोबार बेटावरून आणलेले होते. ते आधी दुसऱ्याच जातीच्या नावाखाली नोंदले गेले होते. अंदमानातही असंच एक छोटं घुबड आहे. त्याचं वर्णनही ह्यूम यांनीच केलं, तेही १८७३ सालीच.

उष्ण कटिबंधातल्या बेटांवर अशी चिमुकली निशाचर घुबडं बरीच आहेत. प्रत्येक बेटाची जात वेगळी. समुद्र ओलांडून ये-जा नसल्यानं ती तिथंच वेगळी होत गेली. तीच त्यांची गंमत आणि तोच त्यांचा धोका. जंगल गेलं तर दुसरीकडं जायला जागा नाही. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या प्रिन्सिपे बेटावरच्या अशाच घुबडाला २०२२ साली शास्त्रीय नाव मिळालं. ते 'बिकेगिला' या टोपणनावाच्या स्थानिक माणसावरून दिलंय. हा माणूस पूर्वी पोपट पकडायचा, पुढं तिथल्याच उद्यानाचा वनरक्षक झाला. घुबडाचा माग काढायला त्याचीच माहिती कामी आली. जंगलाची माहिती पकडणाऱ्याकडंही असते. तिचा उपयोग कशासाठी होतो हा खरा प्रश्न.

मच्छे हे काही बेट नाही. पण चारी बाजूंनी रस्ते, प्लॉट आणि शेड वाढत गेले आणि मधे चार जुनी झाडं उरली, की त्या झाडांवरच्या पाखरासाठी तेही बेटच होतं.

दिवाळी, गुप्तधन आणि कैद

आता मूळ दुखण्याकडं येऊ. लक्ष्मीचं वाहन घुबड, असं आपण मानतो. आणि त्याच लक्ष्मीच्या नावानं अमावास्येच्या रात्री त्याचा बळी देणारेही आहेत. गुप्तधन मिळेल, पैशाचा पाऊस पडेल, करणी उतरेल, अशी आमिषं दाखवली जातात. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेच्या माहितीनुसार भारतात घुबडांच्या सुमारे ३६ जाती आहेत. त्यातल्या किमान १६ जाती चोरट्या व्यापारात आढळतात. कानावर पिसांची शिंगं असलेल्या घुबडांना मांत्रिकांकडं जास्त मागणी. पिंगळ्यासारखी छोटी घुबडं गोंद लावून किंवा जाळ्यात सहज पकडली जातात.

कायदा काय म्हणतो? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ हा केंद्राचा कायदा. बेळगाव, कोल्हापूर, गोवा सगळीकडं एकच. घुबड पकडणं, मारणं, विकणं, विकत घेणं, घरात पाळणं, घरटं किंवा अंडी नष्ट करणं हा गुन्हा आहे. १ एप्रिल २०२३ पासून सुधारित तरतुदी लागू झाल्या. साध्या गुन्ह्यालाही ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्या-पक्ष्यांबाबत शिक्षा ३ ते ७ वर्षं. निपाणीत पकडून कागलात विकलं म्हणून कुणी सुटत नाही.

जादूटोण्याविरोधातही दोन्ही राज्यांत कायदे आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर महाराष्ट्रात २०१३ साली कायदा आला. कर्नाटकाचा कायदा २०१७ चा, तो २०२० पासून लागू झाला. सीमेवरच्या माणसाला एरवी प्रत्येक कागदासाठी दोन राज्यांच्या दोन तऱ्हा सांभाळाव्या लागतात. इथं मात्र दोन्हीकडं उत्तर सारखंच आहे.

पुण्याजवळ पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात नोव्हेंबर २०१८ मध्ये डॉ. सतीश पांडे यांच्या इला फाउंडेशननं घुबड महोत्सव भरवला. मुलांनी घुबडाची चित्रं काढली, गोष्टी ऐकल्या. अमावास्येला ज्याला घाबरायचं त्याचाच उत्सव. असं बेळगाव तालुक्यातल्या एखाद्या शाळेलाही करता येईल, त्यासाठी फार पैसा लागत नाही.

पिल्लू खाली पडलं तर?

जानेवारी ते एप्रिल या काळात पिंगळ्याची पिल्लं ढोलीबाहेर पडतात. उडायला शिकताना कधी जमिनीवर येतात. लगेच उचलून घरी नेऊ नये. आई-बाप जवळच असतात.

- पिल्लू धडधाकट असेल तर कापडानं हलकेच उचलून त्याच झाडाच्या फांदीवर किंवा ढोलीत ठेवावं. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते, हा समज चुकीचा आहे.
- दूध, भात, चपाती, पाव काही देऊ नये. तोंडात पाणी ओतू नये.
- जखमी असेल, मांजात अडकलं असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधाऱ्या शांत जागी ठेवावं आणि वनखात्याला कळवावं.
- दिवसा कावळे पिंगळ्याच्या मागं लागलेले दिसले तर कावळ्यांना हाकलणं पुरे. पिंगळा स्वतः झाडाच्या दाटीत शिरतो.
- झाड तोडण्याची परवानगी मिळाली असली तरी आधी ढोली बघावी. आत अंडी-पिल्लं असतील तर काम एप्रिलनंतर करावं.

वनखात्याचा मदत क्रमांक कर्नाटकात १९२६ आहे आणि महाराष्ट्रातही १९२६ च. कुणी घुबड विकायला आणलंय, पिंजऱ्यात ठेवलंय किंवा त्याबद्दल विचारत फिरतंय असं कळलं तर याच क्रमांकावर सांगावं, नाहीतर ११२ वर पोलिसांना.

यंदा नरकचतुर्दशीच्या आधी रात्री कुणाच्या दारात पिंगळा ओरडला, तर बॅटरी घेऊन एवढंच बघावं, की तो दिव्याखालच्या किड्यांवर टपलाय की झाडाच्या ढोलीपाशी बसलाय. ढोलीपाशी असेल तर ते झाड कुठलं, हे लक्षात ठेवावं. पुढं कधी ते तोडायची गोष्ट निघाली, तर तिथं कुणीतरी राहतंय हे सांगायला माणूस लागेल.